ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधला सुरक्षा दोष खासगीत कळवायचा की उघड इश्यू टाकायचा?

उघड इश्यूचा, म्हणजे प्रोजेक्टच्या पानावर सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदीचा, फायदा सरळ आहे: वापरणाऱ्यांना त्याच दिवशी कळतं आणि दुरुस्तीला चार हात जास्त लागतात. पण दोष सापडल्याची बातमी हल्लेखोरालाही त्याच क्षणी मिळते, आणि पॅच (दुरुस्तीचा कोड) मात्र अजून कुणाच्याच हातात नसतो.

खासगी मार्गात रिपॉझिटरीतल्या (प्रोजेक्टचा कोड ठेवलेल्या जागेतल्या) सिक्युरिटी फाइलमध्ये दिलेल्या पत्त्यावर मेल जातो किंवा गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर खासगी रिपोर्ट. मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, दोष पडताळतो, पॅच तयार करतो, सीव्हीई क्रमांक (सुरक्षा दोषाचा सार्वजनिक नोंदणी क्रमांक) घेतो आणि मग सगळं एकदम जाहीर होतं. खरी गोची मधल्या काळाची. लॉग4जे या जावाच्या लॉगिंग लायब्ररीतला दोष 24 नोव्हेंबर 2021 ला ती सांभाळणाऱ्या अपाचे संस्थेला खासगीतच कळवला होता. पण दुरुस्तीचं काम उघड रिपॉझिटरीत चालायचं आणि 9 डिसेंबरला हल्ल्याचा कोड जगजाहीर झाला. म्हणजे रिपोर्ट गुप्त ठेवून कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) उघड्यावर टाकली, तर जाणकाराला तेवढा इशारा पुरतो.

दुसरी अडचण म्हणजे मेंटेनरचं मौन. फावल्या वेळात प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला दोष देववत नाही, तरी मुदत हवीच. गूगलचा दोष शोधणारा गट प्रोजेक्ट झीरो साधारण 90 दिवस देतो. लिनक्स वितरणांच्या (उबंटू, डेबियन वगैरे) खासगी मेलिंग यादीवर गुप्ततेची कमाल मर्यादा 14 दिवस आहे.

माझा कौल खासगीला, तारीख पहिल्याच मेलमध्ये ठरवून. हल्ले आधीच सुरू झाले असतील, तर मात्र लपवण्यात अर्थ नाही. पॅच नसला तरी तात्पुरता उपाय लगेच जाहीर करावा.