अ‍ॅक्टिव्हाला साईड व्हील लावून घेतलं (जळगाव), उन्हाळा पावसाळा दोन्ही काढल्यावरचा रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते. काम मजबूत, कारागीर समजदार, वेळ पाळणं शून्य आणि रंगकाम त्याच्याही खाली. पाचपैकी चार स्टार. दुकानाचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत आणि तो माणूस वेल्डिंग, फिटिंग, फोन सगळं एकटाच बघतो.

मला डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला, कॅलिपर (पायाला आधार द्यायची लोखंडी पट्ट्यांची चौकट) लावते आणि एक कुबडी. राहायला एरंडोल, नोकरी जळगावला डाळ मिलच्या ऑफिसात, टॅली आणि जीएसटीचं काम. एसटीत आपल्याला, म्हणजे दिव्यांगांना, 75 टक्के सवलत आहे, त्याचा खूप फायदा झाला इतकी वर्षं, नाही म्हणणार नाही, पण बसची पहिली पायरी कॅलिपरवाल्या पायाला डोंगरच आणि उतरल्यावर पुढे मिलपर्यंत रिक्षा वेगळी. नाहीतर मग भाऊ सोडायचा. तो कधी नाही म्हणाला नाही हो, पण मला निघायचं असायचं तेव्हा त्याची अंघोळ राहिलेली असायची आणि मला घरी यायचं असायचं तेव्हा तो कुठंतरी शेवभाजीच्या पार्टीत. त्याला तरी काय बोलणार, त्याचंही आयुष्य आहे.

आता मुद्द्याचं. साईड व्हील म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावायची जादा चाकं, ती दोन प्रकारची मिळतात. एक म्हणजे सरळ लोखंडी फ्रेम चेसिसला घट्ट आवळलेली, तिला स्वतःचे शॉकअप नसतात. स्वस्त पडतं, आणि घेऊ नका. दुसऱ्या प्रकारात बाजूच्या दोन्ही चाकांना आपापले शॉकअप असतात. फरक दुकानाच्या दारात कळत नाही, रस्त्यावर कळतो. घट्टवाल्यात काय होतं की दोन्ही बाजूची चाकं उंचवट्यावर आणि मधलं खड्ड्यावर आलं की मधलं हवेत राहतं, आणि गाडी ओढणारं चाक तर तेच, मग अ‍ॅक्सिलेटर कितीही पिळा, ते नुसतं फिरतं आणि आपण रस्त्याच्या मधोमध देवासारखे बसून. शॉकअपवाल्यात हे पूर्ण जात नाही पण बरंच कमी होतं. मला फिटिंगसकट 16 हजार सांगितले, तेवढेच घेतले, वर चहापाणी वगैरे काही मागितलं नाही.

या माणसाची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याने पट्टी हातात घ्यायच्या आधी मला गाडीवर बसायला लावलं. "ताई, तुम्ही रोज बसता तशा बसा, मी बघतो." मग मी कॅलिपरचं गुडघ्याचं लॉक उघडलं, पाय हाताने उचलून फूटबोर्डवर ठेवला, आणि तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की चढताना-उतरताना माझा बूट बाजूच्या चाकाच्या मडगार्डला घासणार. त्याने डाव्या बाजूचं मडगार्ड कापून छोटं केलं आणि फ्रेम बोटभर मागे सरकवली. हे मी सांगितलं नव्हतं, मला सुचलंही नसतं. कुबडीसाठी पण स्टँड विकत घ्यायला नाही लावला, पीव्हीसी पाइपचा तुकडा (जळगावात पाइपाला काय तोटा) खालून बंद करून क्लॅम्पने फ्रेमला बांधला, त्यात कुबडी उभी राहते आणि खड्ड्यात उडत नाही. आत पावसाचं पाणी साचू नये म्हणून बुडाला भोक पण पाडून दिलं.

तक्रारी. परवा या म्हणाला आणि आठवड्याच्या वर गाडी ठेवून घेतली, फोन केला की "झालंच ताई, फक्त रंग सुकतोय". तो रंग काय सुकला माहीत नाही, पहिल्या पावसात पोपडे निघाले आणि वेल्डिंगच्या जागी गंज दिसायला लागला, शेवटी घरच्या घरी रेड ऑक्साईड मारून घेतला. नट पण ढिले होतात, हे मात्र त्याने आधीच सांगितलेलं की सुरुवातीला एकदा येऊन टाईट करून जा, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. मागचं मडगार्ड अजून खडखडतं. भाऊ म्हणतो तू गल्लीच्या तोंडाशी आली की आम्हाला आत कळतं.

चालवायला कशी? ज्यांनी आधी साधी स्कूटर चालवलीय त्यांनी सगळी सवय विसरा. वळणावर गाडी झुकत नाही, हँडलच वळवावं लागतं, जोरात वळलात तर आतल्या बाजूचं चाक उचलतं आणि पोटात गोळा येतो. बाजूच्या चाकांना ब्रेक नाही आणि वजन वाढलेलं, म्हणून ब्रेक जरा आधीच दाबायचा. रस्त्याला कडेला ढाळ असेल तर गाडी सतत डावीकडे ओढते, खांदा भरून येतो. दोन्ही बाजूला हवा सारखी ठेवली की हे थोडं कमी होतं. मी 35-40 च्या वर जात नाही. ब्रेक दोन्ही हातातच, गियर नाही, पायाचं काही कामच नाही, म्हणून आपल्यासाठी ही गियरलेसच बरी.

पावसात काळ्या मातीत उतरू नका. शेतातल्या रस्त्याला रुतली तर दोन माणसं लागतात काढायला. रिव्हर्स पण नाही, त्यामुळे पार्किंगमध्ये तोंड बाहेर करूनच लावा, नाहीतर "दादा जरा मागे ओढता का" आलंच. काही इलेक्ट्रिक स्कूटरला रिव्हर्स मोड असतो, आता घेणाऱ्यांनी तो विचार जरूर करा, फक्त साईड व्हील लावल्यावर वॉरंटी राहते का ते शोरूमला लेखी विचारून घ्या. अ‍ॅव्हरेज पडतंच, मला 35 च्या आसपास मिळतं.

सुरत-नागपूर हायवेने पाळधी, बांभोरी, गिरणेचा पूल असं जाते, तीसेक किलोमीटर. केळीचे ट्रक शेजारून गेले की वाऱ्याने गाडी हलते पण पडायची भीती नाही, ते या चाकांचं खरं काम. मे महिन्यात दुपारी बाराच्या पुढे मात्र निघू नका, आपलं ऊन माहितीये ना, शिवाय कॅलिपरचं लोखंड असं तापतं की पॅन्टवरून चटका बसतो. मी त्यावर ओला रुमाल गुंडाळते.

उपयोग काय झाला म्हणाल तर लग्नात पहिल्या पंगतीला वरणबट्टी खाऊन सरळ घरी येता येतं, कोणाची गाडी निघते याची वाट बघत मंडपात खुर्चीवर बसून राहावं लागत नाही. भरताची वांगी स्वतः बघून, दाबून आणते, पिशवी फूटबोर्डवर. एका चतुर्थीला पद्मालयाच्या गणपतीला एकटी गेले, वाटेत पाणी प्यायला थांबले तर एक आजी म्हणाली, "एकलीच चालनी का वं बाई?" म्हटलं हो. तिला पुढच्या फाट्यापर्यंत सोडलं मी, मागे बसून ती सगळा वेळ फ्रेमला धरून होती. घरचे आता कुठे गेलीस विचारत नाहीत, येताना दूध आण म्हणून फोन करतात.

गाडीने दारापर्यंत पोचतो आपण, पुढचं गाडीच्या हातात नाही. परवा एका ऑफिसात कागद द्यायला गेले, दुसरा मजला, लिफ्ट बंद, शिपाई म्हणे कोणालातरी पाठवायचं ना. सही माझी लागते तर कोणाला पाठवू? 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे, इमारती आपल्याला वापरता येतील अशा हव्यात असं त्यात लिहिलंय. जिने आहेत तेवढेच आहेत.

कागदांचं म्हणाल तर गाडीत बदल केला की आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या आणि लायसन्स पण त्याच प्रकारचं काढा. 2019 च्या दुरुस्तीनंतर कायद्यात याला अडॅप्टेड व्हेइकल म्हणतात, आधी इनव्हॅलिड कॅरेज म्हणायचे, जुने एजंट अजून तेच बोलतात, गोंधळू नका. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) सोबत ठेवा. इन्शुरन्स कंपनीला कळवा नाहीतर क्लेमच्या वेळी अडवतात. दुकानवाला आधी साध्या कागदावर हिशोब लिहून देतो, पक्कं बिल मागितलं की देतो, पण मागावं लागतं. आणि फिटिंगला मूळ साईड स्टँड काढतात तो पिशवीत घालून घरी आणा, पुढे मागे गाडी विकायची झाली तर लागेल.