निम्म्या किमतीचा फोन मला सव्वापट पडला

मी हिशेबतपासणीचं काम करते. दुसऱ्यांची बिलं, पावत्या, करारपत्रं दिवसभर हाताखालून जातात. बेरजेत कुठे आठाण्याचा फरक असला तरी तो मला खुपतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणीतरी म्हणेलच, 'बाई अडाणी होत्या म्हणून फसल्या.' तसं नाही. मी चांगली शिकूनसवरून, चष्मा लावून फसले.

खरे आकडे देत नाही. थोडी लाज आहे, आणि ते दिल्यानं काही साधणारही नाही. हिशेब सोपा जावा म्हणून फोनची उघड बाजारातली किंमत शंभर धरते. पुढचे सगळे आकडे त्याच मापानं वाचा.

जाहिरात पानभर होती. वर फोनचं चित्र आणि खाली 'निम्म्या किमतीत! फक्त ५०'. त्याखाली 'अमर्याद डेटा', आणि एका पिवळ्या गोलात 'जुन्या फोनचे २० पर्यंत'. पन्नासच्या डोक्यावर एक तारका होती, एखाद्या अक्षरावर शाईचा ठिपका उडावा तशी. ती मला दिसली होती. तारका म्हणजे अटी, एवढं मलाही कळतं. पण अटी म्हणजे 'साठा संपेपर्यंत' वगैरे असेल, असं मीच मनाशी ठरवून टाकलं.

काउंटरवरच्या मुलाला मी पहिलाच प्रश्न बरोबर विचारला होता. "आणि दर महिन्याचं भाडं?"

"मॅडम, ते तर तुम्ही आताही भरताच ना!"

या वाक्याला मी आजही मनातल्या मनात दाद देते. त्यात खोटा एकही शब्द नाही. मी भाडं भरतच होते, चार. दोन वर्षांचा करार केल्यावर ते सात होणार होतं. "थोडं वरचं पॅकेज आहे, पण अमर्याद आहे बघा," असं तो म्हणाला आणि मी मान डोलावली. चारावरून सात म्हणजे तीनच तर वाढले, असं वाटलं. तीन गुणिले चोवीस करायला मला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. ऑफिसात दिवसातून पन्नासदा करते. तिथे केलं नाही, कारण डोक्यात बचत झालेल्या पन्नासांची टाळ्यावर टाळी चालली होती.

मग जुना फोन दिला. तो त्यानं उलटापालटा केला, कडेचा एक ओरखडा बोटानं दाखवला, मशीनला जोडला आणि आकडा आला सहा. वीस 'पर्यंत' होते ना. शाळेत शब्दयोगी अव्ययं पाठ करताना 'पासून' आणि 'पर्यंत' एवढी महागात पडतील असं वाटलं नव्हतं. 'अमुकपासून पुढे' लिहिलेल्या किमतीत आपल्याला हवी ती वस्तू कधीच नसते, आणि 'अमुकपर्यंत' लिहिलेली सूट आपल्या वाट्याला कधीच येत नाही. बरं, ते सहाही हातात मिळाले नाहीत. चोवीस भागांत, दर बिलातून पाव पाव वजा होणार होते.

सही एका टॅब्लेटवर घेतली. त्याच्या अंगठ्यानं पडदा खालून वर सर्रकन सरकत गेला, चार-पाच पानं असतील, आणि शेवटच्या चौकोनाशी थांबला. "इथे मॅडम." मी बोटानं सही केली. ती माझ्या सहीसारखी दिसतही नव्हती. छापील प्रत मागितली तर म्हणाला, ई-मेलवर येईल. आली. अठ्ठावीस पानी. मी ती उघडली आठव्या महिन्यात.

आठव्या महिन्यात उघडायचं कारण असं की इंटरनेट रांगायला लागलं. महिन्याच्या विसाव्या-एकविसाव्या दिवसापर्यंत सगळं सुरळीत, आणि मग व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं तोंड उघडं राहून तसंच गोठायचं. आधी फोन बिघडला असं वाटलं. मग टॉवरला दोष दिला. शेवटी कस्टमर केअरला फोन लावला, तेव्हा पलीकडची मुलगी फार शांतपणे म्हणाली, "तुमचा डेटा अमर्यादच आहे मॅडम, फक्त ठरावीक वापरानंतर वेग कमी होतो." म्हणजे नळाला पाणी चोवीस तास, पण वीस तारखेनंतर थेंब थेंब. बंद कुठे केलंय?

ही युक्ती काही माझ्या कंपनीनं शोधलेली नाही. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी आयोगानं, २०१४ साली याच कारणासाठी खटला भरला होता. 'अमर्याद' म्हणून विकलेल्या योजनांमध्ये महिन्याला अवघा दोन जीबी वापर झाला तरी काही ग्राहकांचा वेग पाडला जात होता, आणि अशी झळ बसलेले ग्राहक पस्तीस लाखांहून जास्त होते, असं आयोगाचं म्हणणं होतं. २०१९ मध्ये कंपनीनं सहा कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. 'अमर्याद' हा शब्द दिसला की आता मी फक्त एवढंच विचारते की किती जीबीनंतर, आणि मग वेग किती? उत्तर एमबीपीएसमध्ये, म्हणजे वेगाच्या मोठ्या मापात, आलं तर बरं. केबीपीएसमध्ये, त्याच्या हजाराव्या हिश्शाच्या मापात, आलं तर ते इंटरनेट नव्हे, त्याचं श्राद्ध आहे.

त्या मुलीनंच उपाय सुचवला. भाडं तेवढंच, बोलण्याची मिनिटं कमी आणि डेटा जास्त, अशी दुसरी योजना घ्या. घेतली. पुढच्या बिलात ते पाव वजा झालेले दिसेनात. विचारलं तर कळलं की योजना बदलली की जुन्या फोनची उरलेली सूट रद्द होते. माझा फोन त्यांच्याकडे गेला तो गेलाच, आणि सहापैकी दोनच माझ्या पदरात पडले. हे तिनं योजना बदलताना सांगितलं नाही. नंतर मी तक्रार केली तेव्हा उत्तर मिळालं की ते कराराच्या एकोणिसाव्या पानावर आहे. आहे खरंच.

त्या रात्री मी आठही बिलं काढून बसले. दुसऱ्या पानावर, कर आणि अधिभारांच्या ओळींमध्ये, 'संरक्षण सेवा १' अशी एक ओळ सापडली. चौथ्या महिन्यापासून होती. फोनचा विमा! पहिले तीन महिने मोफत, नंतर आपोआप सुरू. त्या टॅब्लेटवर सरकत गेलेल्या पानांत कुठेतरी एका चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली होती आणि ती मी काढली नव्हती. ती सेवा बंद केली, तोवर पाच महिन्यांचे पाच गेले होते. वर सुरुवातीलाच 'जोडणी शुल्क' म्हणून तीन घेतलेले.

माझे दीर तेव्हा घरी आलेले होते. त्यांनी माझ्यासमोरचा कागद वळवून वाचला आणि म्हणाले, "वहिनी, ऑफिसात कुणी असा व्हाउचर आणला असता तर तुम्ही पास केला असता का?" मी काही बोलले नाही. कागदावर असं होतं: फोनचे पन्नास. भाड्यातला फरक तीन, चोवीस महिने, बहात्तर. जोडणी तीन. विमा पाच. एकूण एकशे तीस. त्यातून जुन्या फोनचे मिळालेले दोन वजा. पुढे तक्रारीनंतर विम्याचे दोन 'सद्भावना म्हणून' परत आले तेही वजा. उरले एकशे सव्वीस. बाजारात शंभराला मिळणारा फोन मी 'निम्म्या किमतीत' एकशे सव्वीसला घेतला, आणि दोन वर्षं त्यांच्याशी बांधून घेतलं ते वेगळंच.

यातली खोच फोनविक्रीत फार जुनी आहे. २००८ च्या जुलैत आयफोन थ्रीजी आला तेव्हा त्याची जाहिरात होती, दुप्पट वेग, अर्धी किंमत. अमेरिकेत आधीचा फोन ३९९ डॉलरला होता, हा १९९ ला. पण दोन वर्षांचा करार बंधनकारक होता, आणि डेटाचं मासिक भाडं वीस डॉलरवरून तीस केलेलं होतं. महिन्याला दहा म्हणजे चोवीस महिन्यांत दोनशे चाळीस. वाचले दोनशे, गेले दोनशे चाळीस, शिवाय आधीच्या भाड्यात धरलेले एसएमएस आता वेगळे. हे गणित तेव्हाही लोकांनी मांडलं होतं. तरी पंधरा-सोळा वर्षांनी मी त्याच खड्ड्यात पडले, कारण ते दुसऱ्याचं गणित म्हणून वाचलं होतं.

मग मी एक हौशी उद्योग केला. ती जाहिरात अजून रद्दीत होती. ऑफिसची पट्टी घेऊन अक्षरं मोजली. 'फक्त ५०' मधला पाच बेचाळीस मिलिमीटर उंच. खालच्या तळटिपेतली अक्षरं जेमतेम दीड मिलिमीटर, तीही पांढऱ्यावर फिकट करडी. आणि तिथेसुद्धा 'चोवीस महिन्यांच्या करारासह' एवढंच होतं. भाडं सात की सत्तर, याचा पत्ता नाही.

असल्या तळटिपांना कायदा किती मानतो? ऑस्ट्रेलियातलं टीपीजी या कंपनीचं प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. तिनं अमर्याद इंटरनेट महिना २९.९९ डॉलरला म्हणून ठळक जाहिरात केली. ते घ्यायचं तर आणखी तीस डॉलरची घरची फोनलाइनही घ्यावी लागे, हे मात्र बारीक अक्षरात. खालच्या एका न्यायालयानं वीस लाख डॉलर दंड केला, वरच्या पीठानं तो पन्नास हजारांवर आणला, आणि २०१३ च्या डिसेंबरात तिथल्या हायकोर्टानं, जे त्यांचं सर्वोच्च न्यायालय, पुन्हा वीस लाखांवर नेला. मोठ्या अक्षरातून मनावर जो ठसा उमटतो तोच पाहायचा, बारीक अक्षरात सत्य लिहून सुटका होत नाही, असा त्याचा रोख. भारतात २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्येही हेच आहे. तळटीप दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच अक्षरात हवी, आणि दिशाभूल करणारा दावा तळटिपेनं दुरुस्त करता येत नाही. 'शून्य व्याजा'च्या हप्त्यांबद्दल तर रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते प्रक्रिया शुल्कात लपवलेलं असतं.

हे सगळं मला माहीत झालं ते फसल्यावर. तोवर चौदावा महिना आला होता. करार मोडायचा विचार केला, तर उरलेल्या दहा महिन्यांचं भाडं एकरकमी भरा म्हणाले, सत्तर. म्हणजे राहिले तरी सत्तर, गेले तरी सत्तर. राहिले.

मधल्या काळात बहिणीला फोन घ्यायचा होता म्हणून तिच्याबरोबर दुसऱ्या एका दुकानात गेले. तिथे मी एकच गोष्ट मागितली. "आज पहिल्या दिवसापासून करार संपेपर्यंत हिच्या खिशातून एकूण किती जाणार, तो आकडा या कागदावर लिहून द्या. आणि हिनं फोन न घेता नुसती हीच सेवा घेतली तर किती, तो शेजारी लिहा." तो तरुण हसला, संगणकाकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, सिस्टीममध्ये तसा एकूण आकडा दाखवत नाही." कॅल्क्युलेटर काउंटरवरच पडलेला होता. मी तो त्याच्याकडे सरकवला. त्यानं केलं बिचाऱ्यानं गणित, आणि आकडा बघून स्वतःच म्हणाला, "ताई, सरळ रोखीनं घ्या." तिनं तसाच घेतला.

माझे चोवीस महिने भरले. फोनची किंमत फिटली, आता भाडं आपोआप चारावर येईल असं मी धरून चालले होते. पंचविसाव्या महिन्याचं बिल आलं, सातच. ब्रिटनमध्ये हा प्रकार इतका बोकाळला की फेब्रुवारी २०२० पासून करार संपत आल्याचं ग्राहकाला आधी कळवणं कंपन्यांवर बंधनकारक करावं लागलं. मला कुणी कळवलं नाही. कस्टमर केअरला फोन केला. या वेळी मुलगा होता.

"तुम्ही योजना बदलायची विनंती केली नव्हती ना, मॅडम."

मी विनंती केली. पुढच्या महिन्यापासून चार झाले. त्या एका महिन्याचे तीन मागितले, तर म्हणाला, बिल निघालेलं आहे, आता काही करता येणार नाही. कागदावर एकशे सव्वीस खोडून एकशे एकोणतीस लिहिले.