जोरोपो आणि जॅझ : रोमेरो, चेस्टर की सायमन?

व्हेनेझुएलाचे पारंपरिक संगीत आणि जॅझ यांचा मेळ पियानोवर घालणारे कलावंत बरेच आहेत आणि त्यांतले काही स्वतः गातातही. या संगीताकडे नव्याने वळणाऱ्या मराठी श्रोत्यापुढचा पहिला प्रश्न, सुरुवात कोणापासून करावी, हाच असतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी येथे तीन कलावंतांचा विचार केला आहे : आल्देमारो रोमेरो, इलान चेस्टर आणि एडवर्ड सायमन. माझा कौल आधीच सांगून टाकतो. बहुतेकांनी रोमेरो यांच्यापासून सुरुवात करावी, शब्द आणि गळा यांच्या ओढीने संगीत ऐकणाऱ्यांनी चेस्टर यांच्याकडे जावे, आणि ज्यांचा कान तबल्याच्या मात्रांवर तयार झाला आहे त्यांनी मधले टप्पे गाळून थेट सायमन यांना ऐकावे.

या निवडीमागे एकच निकष आहे. व्हेनेझुएलातल्या मैदानी प्रदेशाच्या, म्हणजे यानोसच्या, संगीतात पियानोला मुळात स्थान नव्हते. तिथला संच ठरलेला असतो : हार्प, कुआत्रो नावाचे चार तारांचे छोटे गिटारसारखे वाद्य, खुळखुळ्यांसारख्या माराकांची जोडी आणि गायक. त्यामुळे हे संगीत पियानोवर आणणाऱ्या प्रत्येक वादकाला एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे आपण या संचातल्या कोणाची जागा घ्यायची आणि कोणाला घरी बसवायचे. आपल्याकडे संगीत नाटकात ऑर्गन आला तेव्हा त्याने गायक नटाची साथ करण्याचे काम पत्करले. व्हेनेझुएलाच्या पियानोवादकांनी मात्र या प्रश्नाची अगदी वेगवेगळी उत्तरे दिली, आणि तिघांमधला खरा फरक या उत्तरांत आहे.

तो कळण्यासाठी जोरोपोची लय थोडी जवळून पाहावी लागेल. जोरोपो हा व्हेनेझुएलाचा राष्ट्रीय म्हणून ओळखला जाणारा नृत्यसंगीताचा प्रकार असून त्याचे एक आवर्तन सहा लहान मात्रांचे मानता येते. दादराही सहाच मात्रांचा, पण दादऱ्याची विभागणी तीन-तीन अशी ठरलेली असते. जोरोपोत त्याच सहा मात्रा कोणी तीन-तीन अशा मोजतो, तर त्याच क्षणी दुसरा कोणी दोन-दोन-दोन अशा मोजतो, आणि दोघेही बरोबर असतात. खर्जाच्या तारा बहुधा तीन मोठ्या ठोक्यांचा हिशेब ठेवतात, माराका सहाही मात्रा सळसळत ठेवतात, आणि कुआत्रो वाजवणारा उजव्या हाताने तारांवर झपाट्याने वरखाली फिरत असताना मध्येच पंजा दाबून आवाज बंद करतो. तो बंद झटका नेमका कुठे पडतो यावर लयीचा सगळा तोल असतो. सम शोधत बसणाऱ्या श्रोत्याची पहिल्या काही मिनिटांत चांगलीच फसगत होते.

आल्देमारो रोमेरो (1928–2007) यांचा जन्म वालेन्सिया शहरातला. पियानोवादक, संगीतकार, संयोजक आणि वाद्यवृंदाचे संचालक अशा चारही नात्यांनी त्यांनी काम केले. 1950 च्या दशकात व्हेनेझुएलाच्या लोकप्रिय चालींना मोठ्या वाद्यवृंदाचा साज चढवून त्यांनी जी ध्वनिमुद्रणे केली, ती लॅटिन अमेरिकेत गाजली. परंतु आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे पाऊल. ब्राझीलमध्ये सांबा आणि जॅझ यांच्यातून बोसा नोव्हा जन्माला आला, तसे जोरोपोचे काही करता येईल का, या प्रश्नातून 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ओन्दा नुएवा म्हणजे नवी लाट हा प्रकार उभा केला. हार्प आणि कुआत्रो यांना त्यांनी बाजूला ठेवले. संच उरला तो जॅझचा नेहमीचा : पियानो, बास आणि ड्रम. सहा मात्रांची सगळी गुंतागुंत ड्रमवादक फ्रांक एर्नांदेस यांनी ड्रमसेटवर बसवली. त्यांना सगळे ‘एल पावो’ या नावानेच ओळखत. ओन्दा नुएवाचे श्रेय केवळ रोमेरो यांना देण्याची पद्धत आहे, ती मला अन्यायाची वाटते, कारण हा ठेका नसता तर उरले असते ते फक्त सुरेल स्वरसंयोजन.

पियानोवर रोमेरो फारसे पल्लेदार वादन करीत नाहीत. सातव्या-नवव्या स्वरांनी भरलेले जॅझचे स्वरसंघ, म्हणजे कॉर्ड, ते ठेक्याच्या फटींमध्ये अलगद टाकतात, आणि गाण्याचे काम बऱ्याच ठिकाणी स्त्रीपुरुषांच्या एका लहान वृंदाकडे असते. हा वृंद एकसंध, मऊ आवाजात गातो; लयीचे अवघड वळण त्यांच्या तोंडून इतके सहज येते की ते अवघड होते हे नंतर लक्षात येते. नव्या श्रोत्याने रोमेरो यांच्यापासून सुरुवात करावी असे मी म्हणतो ते यासाठीच. 1971 मध्ये काराकासला ओन्दा नुएवाचा पहिला जागतिक महोत्सव झाला, आणि अमेरिकन गिटारवादक चार्ली बर्ड यांनी रोमेरो यांच्याबरोबर याच शैलीत एक ध्वनिमुद्रिका केली. एवढे होऊनही ही लाट बोसा नोव्हासारखी जगभर पसरली नाही. व्हेनेझुएलातले वादक मात्र आजही या शैलीकडे पुन्हा पुन्हा वळतात.

रोमेरो यांची उणीवही सांगायला हवी. त्यांच्या मुद्रणांवर 1970 च्या दशकाची छाप इतकी गडद आहे की काही ठिकाणी तंतुवाद्यांचा गोडवा अंगावर येतो, आणि एखाद्या जुन्या हॉटेलच्या दिवाणखान्यात बसल्यासारखे वाटते. शिवाय मैदानी प्रदेशाचा खरखरीतपणा त्यांच्याकडे जवळजवळ शिल्लक राहत नाही. जोरोपोतल्या पाहारियो या आवेशी प्रकारावर त्यांनी एक फ्यूग, म्हणजे एकच स्वरवाक्य वेगवेगळ्या वाद्यांत एकामागून एक येणारी पाश्चात्त्य रचना, रचला आहे. काराकासच्या सिमोन बोलिव्हार वाद्यवृंदामुळे तो देशाबाहेरही ऐकला गेला. तो ऐकल्यावर हा माणूस ठरवले असते तर किती धारदार होऊ शकला असता, याची कल्पना येते.

इलान चेस्टर यांच्याविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण त्यांच्याकडे गुंतागुंत कमी आहे. त्यांचा जन्म 1952 मध्ये इस्राएलमध्ये झाला आणि ते वाढले काराकासमध्ये. तिघांपैकी पियानोवर बसून स्वतः गाणारे कलावंत म्हणून नाव झालेले ते एकटेच. त्यांची मूळ ओळख लोकप्रिय गीतांचे गायक अशी आहे. काराकासच्या उत्तरेला उभ्या असलेल्या आविला डोंगरावरचे त्यांचे गीत तिथल्या लोकांच्या तोंडी आहे. पुढे त्यांनी व्हेनेझुएलाच्या जुन्या गीतांचा एक मोठा संग्रह आपल्या पद्धतीने ध्वनिमुद्रित केला, आणि त्या कामाला 2010 मध्ये लोकसंगीताच्या गटात लॅटिन ग्रॅमी पुरस्कारही मिळाला. हरे कृष्ण चळवळीशी त्यांचे जुने नाते आहे, हे वाचून आपल्याकडच्या वाचकाचे कुतूहल जागे होईल, पण संगीत निवडताना त्या माहितीचा फारसा उपयोग नाही.

चेस्टर यांच्याकडे पियानो कुणालाच हटवत नाही. तो गळ्याच्या मागे उभा राहतो. जॅझ त्यांच्याकडे येते ते स्वरसंघांच्या रंगात आणि सोल संगीताच्या वळणाच्या गायकीत, लयीच्या मोडतोडीत नव्हे. शब्द स्पष्ट, मुखडा लगेच ओळखीचा होणारा, कडव्यांची लांबी बेताची. ज्याला स्पॅनिश येते किंवा शिकायची आहे त्याच्यासाठी ही सर्वांत सोयीची निवड आहे. मात्र या संगीतात जॅझ नेमके कुठे आहे असा प्रश्न कोणी विचारला, तर बोट ठेवून दाखवणे कठीण जाईल, आणि आपल्याला मिश्रणच ऐकायचे असेल तर चेस्टर यांच्यावर थांबू नये.

एडवर्ड सायमन यांचा जन्म 1969 मध्ये फाल्कोन राज्यातल्या पुंता कार्दोन या गावी झाला. शिक्षणासाठी ते लहान वयातच अमेरिकेला गेले, न्यूयॉर्कच्या जॅझ वर्तुळात वाढले, आणि मग उलट दिशेने प्रवास करीत आपल्या देशाच्या लयींकडे आले. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेली ‘व्हेनेझुएलन स्वीट’ ही त्यांची रचना या तुलनेतली सर्वांत महत्त्वाकांक्षी कृती आहे. तिचे मुख्य चार भाग देशाच्या चार प्रदेशांवर आहेत. मैदानी बारिनाससाठी जोरोपो, राजधानी काराकाससाठी मेरेंगे, अँडीज पर्वतातल्या मेरिदासाठी वाल्स, म्हणजे वॉल्ट्झ, आणि पश्चिमेकडच्या माराकाइबोसाठी गाइता हा नाताळच्या दिवसांत रंगणारा प्रकार. अखेरीस एराक्लियो फेर्नांदेस यांची 19 व्या शतकातली एक सुप्रसिद्ध चाल येते.

सायमन गात नाहीत, आणि गळ्याची अपेक्षा ठेवणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावे. त्यांचे वेगळेपण असे की रोमेरो यांनी ज्यांना घरी बसवले त्यांना सायमन पुन्हा बोलावतात. होर्खे ग्लेम यांचा कुआत्रो, माराका आणि मार्को ग्रानादोस यांची बासरी एका बाजूला, तर मार्क टर्नर यांचा सॅक्सोफोन आणि ॲडम क्रूझ यांचे ड्रम दुसऱ्या बाजूला, आणि पियानो या दोघांच्या मध्ये. तो कधी कुआत्रोच्या झटक्यांशी जोडून घेतो, कधी सॅक्सोफोनला स्वरसंघांची जमीन देतो. पारंपरिक वादकांना सजावटीपुरते बोलावण्याची पद्धत जॅझमध्ये बरीच दिसते. येथे ती नाही. लयीची चावी शेवटपर्यंत कुआत्रोच्याच हातात राहते.

काराकासच्या भागात तर आपल्या श्रोत्यासाठी खास काही आहे. व्हेनेझुएलाचा मेरेंगे हा डोमिनिकन रिपब्लिकच्या दोन मात्रांच्या मेरेंगेहून वेगळा असून तो बहुधा पाच मात्रांत लिहिला जातो. तो खरोखर पाचात आहे की सहात किंवा दोनात, यावर तिथल्या संगीतज्ञांमध्ये जुना वाद आहे, कारण मुरलेले वादक मधल्या मात्रा ताणतात आणि आखडतात. दोन-तीन-दोन-तीन अशी झपतालाची चाल ज्याच्या हातात बसली आहे, त्याला हे ताणणे पहिल्याच ऐकण्यात पकडता येते. पाश्चात्त्य संगीतावर वाढलेल्या श्रोत्याला पाचाचा हिशेब लावायला वेळ लागतो, आपल्याला तो हिशेब आयता मिळतो आणि कान मोकळा राहतो तो सॅक्सोफोनकडे लक्ष द्यायला. म्हणून तबल्यावर कान तयार झालेल्यांनी थेट सायमन यांना ऐकावे, असे मी सुरुवातीला म्हटले.

सायमन यांच्याकडे अडचण आहे ती संयमाची. भाग लांब आहेत, चाली पटकन गुणगुणता येत नाहीत, आणि काही ठिकाणी मांडणी इतकी विचारपूर्वक आहे की नाचाच्या संगीताचा मूळ उत्साह दबल्यासारखा वाटतो. गाडी चालवताना मागे लावून ठेवण्याचे हे संगीत नाही. त्यासाठी रोमेरो बरे.

कीबोर्ड किंवा पियानो शिकणाऱ्याचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. त्याने ऐकण्यासाठी कोणालाही निवडले तरी वाजवायला ओन्दा नुएवाच्या चाली घ्याव्यात, कारण त्या मुळातच पियानोसाठी विचार करून रचलेल्या आहेत आणि बऱ्याच चालींचा आराखडा आटोपशीर आहे. डाव्या हाताने तीन ठोके आणि उजव्या हाताने सहाच्या दोन गटांतले स्वरसंघ, असा सराव आधी अगदी सावकाश, एकाच स्वरसंघावर करावा. हे दोन्ही हात स्वतंत्र झाले की वादन जमू लागते, पण ते सपाट राहते, कारण कुआत्रोचा बंद झटका अजून त्यात आलेला नसतो. तो कागदावरून शिकता येत नाही. त्यासाठी सायमन यांच्या संचातला होर्खे ग्लेम यांचा कुआत्रो तेवढा वेगळा काढून ऐकावा लागतो, आणि मग पियानोवर त्या जागी स्वर सोडून द्यावा लागतो.