पुदिन्याचं ग्रो किट: डबा झकास, बियांचं काही खरं नाही

5 पैकी 2 स्टार, एक डब्याला, एक कोकोपीटला (नारळाच्या काथ्याचा भुसा, मातीऐवजी वापरतात तो). कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण अशी किटं आता कितीतरी जण विकतात आणि आत साधारण तेच असतं, पत्र्याची छोटी बादली, कोकोपीटची वडी, बियांची पुडी आणि इंग्रजीतलं घडीपत्रक. 399 रुपये. पहिल्यांदाच झाड लावणाऱ्यांसाठी असं बॉक्सवर लिहिलंय म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी बिया. पुडीवर मोठ्या अक्षरात पेपरमिंट छापलंय. आता पेपरमिंट म्हणजे दोन पुदिन्यांचा संकर, त्याला रुजणारं बी जवळपास धरतच नाही, तो काड्यांवरूनच वाढवतात, मग पुडीत काय होतं ते देव जाणे. जे उगवलं ते मरतुकडं, आणि पान चुरगाळून बघितलं तर वास गवताचा, चटणीत काय डोंबल घालणार! आपला साधा चटणीचा पुदिना बियांपासून येतो, नाही असं नाही, पण बी एकदम बारीक, रुजायला उजेड लागतो म्हणून मातीत पुरायचं नाही, नुसतं वर भुरभुरायचं (पत्रकात मात्र अर्धा इंच खोल पेरा म्हणून लिहिलंय), आणि एवढं करून रोपाचा वास मूळ झाडासारखा येईलच असंही नाही. यूपीत बाराबंकीकडे मेंथॉलसाठी मेंथ्याची (हाही पुदिन्याचाच प्रकार) केवढी शेती होते, ते लोकसुद्धा बी पेरत बसत नाहीत, जमिनीखालच्या मुळ्यांचे तुकडे लावून पीक घेतात. मग नवशिक्याच्या गळ्यात बियाच का मारायच्या?

बादली दिसायला गोड आहे पण तळाला भोकच नाही, आणि पत्रकात रोज पाणी घाला, म्हणजे मुळं कुजायची पूर्ण सोय. खिळा हातोडीने चार भोकं पाडून घ्यावी लागतात. तशीही ती पुदिन्याला लहानच, हा गडी आडवा पळतो, त्याला उथळ आणि पसरट काहीतरी द्या, जुना टब, मासेवाल्याकडचा थर्माकोलचा खोका, काहीही चालतं. फक्त तुळशीच्या कुंडीत लावू नका, सगळी जागा खाऊन टाकतो. कोकोपीट चांगलं निघालं, पण त्यात खत म्हणून काहीच नसतं, माती आणि गांडूळखत मिसळावंच लागतं, याबद्दल पत्रकात चकार शब्द नाही.

याच्यापेक्षा मंडईतून दहा-पंधरा रुपयांची ताजी जुडी आणा. पानं चटणीला, त्यातल्या जाडसर काड्या बाजूला काढा, पेराच्या (काडीवर पानं फुटतात त्या सांध्याच्या) जरा खाली कापा, खालची पानं काढून पाण्याच्या ग्लासात ठेवा, दिवसाआड पाणी बदला, आठ-दहा दिवसात पांढरी मुळं दिसायला लागतात. कधीकधी जुडीतच मुळासकट काडी मिळते, ती तर थेट कुंडीत. सकाळचं चार-पाच तास ऊन पुरे, एप्रिल-मे मधे दुपारच्या उन्हातून मात्र हलवा नाहीतर करपतो. माती ओलसर हवी, चिखल नको. शेंडे खुडत राहिलात तर बाजूने फुटतो, फुलावर जाऊ दिलात तर पानं बारीक आणि चव कमी. आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, पावसाळ्यात पालिकेची माणसं डासांच्या अळ्या बघायला येतात ती पहिली तिथेच बघतात 😄

सेलरला मेसेज केला तर उत्तर आलं की बिया नॅचरल प्रॉडक्ट आहे, गॅरंटी नाही, रिफंड नाही. बरं.

बॉक्स भेट द्यायला छान दिसतो हे मात्र मान्य. द्यायचाच असेल तर बादलीला भोकं पाडा, बियांची पुडी काढून टाका आणि जवळच्या नर्सरीतून पुदिन्याचं छोटं रोप आणून त्यात बसवून द्या.