आईचा फ्लॅट भाड्याने देऊन दीड वर्ष झालं: कर्वेनगरमधला अनुभव

आई माझ्याकडे राहायला आली आणि तिचा पुण्यातल्या कर्वेनगरचा फ्लॅट रिकामा झाला. १९९४ सालची तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, दुसरा मजला, दोन बीएचके. जून २०२४ पासून तो भाड्याने दिलाय. भाडं २२,००० रुपये, डिपॉझिट तीन महिन्यांचं, म्हणजे ६६,०००. आमच्या घरात याआधी कोणी घरमालक नव्हतं, त्यामुळे सगळं विचारत, अडखळत केलं. आता अठरावा महिना चालू आहे. किल्ली हातात देण्याआधी जे जे ठरवून घेतलं, ते सगळं निभावलं. ‘नंतर बघू’ म्हणून जे सोडलं, त्याने पैसेही गेले आणि झोपही.

सुरुवात कराराची. भाडेकरू घेऊन आलेला एजंट म्हणाला, “ताई, पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून टाकू, अकरा महिन्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही.” हे वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घरात राहायची परवानगी देणारा) करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट: करार नोंदवलेला नसेल, तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, आणि ते खोटं ठरवायचं काम आपल्यावर येतं. उलट करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही कोणी जागा सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं. मी त्या एजंटला दलाली दिली, करार मात्र दुसऱ्याकडून ऑनलाइन नोंदवून घेतला.

खर्च ऐकून आश्चर्य वाटेल. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या वार्षिक १० टक्के मानलेल्या व्याजावर ०.२५ टक्के. आमच्या अकरा महिन्यांचा हिशेब साधारण ६२० रुपये आला. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० आणि ऑनलाइन दस्त हाताळणीचे ३००. वर अंगठ्याचे ठसे घ्यायला घरी मशीन घेऊन येणाऱ्याची मजुरी. एवढ्यासाठी नोटरीचा धोका का घ्यायचा, हे मला आजही कळत नाही.

अडचण आली ती अंगठ्याची. फ्लॅट आईच्या नावावर, ती चौऱ्याहत्तर वर्षांची. आधारशी पडताळणी करताना तिचा अंगठा मशीन घेईचना. आयुष्यभर भांडी-धुणी केलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. ती बिचारी ओशाळून बसली, जणू तिचीच चूक. मशीन घेऊन आलेल्या मुलाने कोमट पाण्याने हात धुऊन, कोरडे करून एकेक बोट लावून पाहायला सांगितलं. चौथ्या बोटाला जुळलं. घरात वयस्कर मालक असेल तर यासाठी तासभर जास्त ठेवा, आणि दोन्ही साक्षीदार तोवर थांबतील असे निवडा.

भाडेकरू निवडताना सोसायटीच्या कमिटीतले एक काका म्हणाले, “फॅमिलीलाच द्या.” आमच्याकडे एक कुटुंब आलं होतं आणि नोकरी करणाऱ्या तीन मुली. मी दोघांकडेही नोकरीचं पत्र आणि आधीच्या घरमालकाचा नंबर मागितला. मुलींनी त्याच संध्याकाळी दिला. कुटुंबाकडून “बघतो” एवढंच आलं, आणि पुढे काहीच नाही. आई म्हणाली, “पोरीच राहू देत. मीही कधी काळी भाड्याच्या खोलीत राहिलेय.” दीड वर्षात भाडं एकदाही पाच तारखेच्या पुढे गेलं नाही. लग्न झालंय की नाही यावरून माणूस घर कसं ठेवेल हे कळत नाही. पुणे पोलिसांच्या संकेतस्थळावर भाडेकरूंची माहिती भरली, त्याची पावती सेक्रेटरींना दिली, आणि काकांचाही विषय तिथेच संपला.

आता माझी मोठी चूक. घर देण्याआधी माझ्याकडे चाळीस हजार होते. ते सगळे रंगावर आणि हॉलच्या पंख्या-दिव्यांवर घातले. प्लंबर म्हणाला होता की बाथरूमची न्हाणी जुनी आहे, ट्रॅपपाशी (जाळीखाली पाणी वाहून जातं तिथे) पाणी मुरतंय, एकदा उघडून बघू. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. जुलैच्या पावसात खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल आली. आधी वाटलं पावसाची असेल, पण चार दिवस उघडीप मिळूनही ती पसरतच गेली. शेवटी आतल्या बाथरूमच्या फरशा उखडल्या, जुना कोबा काढला, नवा ट्रॅप बसवला, ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा) कोबा आणि वॉटरप्रूफिंग केलं, पाणी साठवून गळतंय का पाहिलं आणि मग टाइल्स लावल्या. खालचं छत रंगवून देण्यासकट २८,००० रुपये. तीन मुली आठ दिवस एका बाथरूमवर, सकाळी सगळ्यांनाच ऑफिस गाठायचं. मी त्या महिन्याच्या भाड्यातले २,००० सोडले. त्यांनी मागितले नव्हते, पण घर राहण्याजोगं ठेवायचं काम माझं होतं आणि त्यात मी कमी पडले होते. रिकाम्या घरात हेच काम निम्म्या त्रासात झालं असतं. रंग जुना असला तरी माणूस राहतो. नळ, न्हाणी, वायरिंग आधी बघा.

छोट्या दुरुस्त्यांचं मात्र करारातच लिहिलं होतं: ५०० रुपयांपर्यंतचं काम भाडेकरूने करायचं, त्यावरचं मालकाने, आणि भिंतीच्या आतलं किंवा जमिनीखालचं काहीही असो, ते मालकाकडेच. या एका ओळीमुळे नळाचा वॉशर, फ्लशचा फ्लोट यासाठी एकदाही फोन आला नाही, आणि गिझरचा एलिमेंट गेला तेव्हा पैसे कोणाचे हा प्रश्नच उठला नाही.

दुसरी चांगली ठरलेली गोष्ट म्हणजे फोटो. राहायला येण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक खोलीचे, ओट्याचे, खिडक्यांचे, मीटरच्या आकड्यांचे फोटो काढून मुलींना पाठवले आणि सामानाच्या यादीवर सह्या घेतल्या. गेल्या दिवाळीत आई फराळाचं द्यायला गेली आणि ओट्याच्या कडप्प्याला चीर बघून अस्वस्थ होऊन परतली. “जड काहीतरी आपटलंय पोरींनी.” फोटो काढून बघितला तर चीर तेव्हाही होती, तिथे आईचा मिक्सर असायचा म्हणून दिसत नव्हती. फोटो नसता तर आम्ही मनात त्यांच्यावर ठपका ठेवलाच असता, आणि बहुधा डिपॉझिटमधून पैसेही कापले असते.

तिघींपैकी एक डिसेंबरमध्ये बंगळुरूला गेली. तिच्या जागी मैत्रीण येणार, भाडं तेवढंच, मग मला काय अडचण, असं मी आधी म्हटलं. दोन दिवसांनी लक्षात आलं की घरात राहणाऱ्या एका व्यक्तीचं नाव करारात नाही, पोलिसांकडे नाही, आणि गेलेलीचं दोन्हीकडे आहे. डिपॉझिट त्यांनी आपापसांत दिलं-घेतलं, त्याचा कागद नाही. जानेवारीपासून पुन्हा नवा अकरा महिन्यांचा करार केला, पुन्हा अंगठे, पुन्हा फी, आणि ती कोणी भरायची हे आधी लिहिलेलं नसल्याने मीच भरली. गेलेल्या मुलीकडून ‘माझा वाटा मिळाला’ असं सही करून घेतलं.

सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं शुल्क) म्हणून महिन्याला सरसकट १,००० लावले होते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, आणि त्या सेवा शुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. आमचं सेवा शुल्क १,५००, म्हणून १५० रुपये. आदेशाची प्रत जोडून साधं पत्र दिलं, पुढच्या बिलात दुरुस्ती झाली. भांडायची वेळ आली नाही.

मिळकतकराचं आधीच हिशेबात धरा. पुणे महापालिकेची ४० टक्के सवलत मालक स्वतः राहत असेल त्याच घराला आहे. मधे बंद झालेली ती सवलत २०२३ पासून पुन्हा मिळू लागली, पण घर भाड्याने दिलं की हक्क जातो. आई म्हणाली, “आपण राहत नाही तर कळवून टाक.” कळवलं. भाडं ठरवताना ही वाढ माझ्या डोक्यात नव्हती. आयकरात आईच्या भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकतकर आणि उरलेल्यावर ३० टक्के प्रमाण वजावट मिळते, त्यासाठी पावत्यांची वेगळी फाइल केली आहे. विजेचं मीटर आईच्याच नावावर ठेवलं, ग्राहक क्रमांक माझ्या फोनवरच्या महावितरणच्या अ‍ॅपमध्ये आहे, त्यामुळे बिल भरलं की नाही हे विचारावं लागत नाही.

नोव्हेंबरअखेर मुदत संपते. तिघींना राहायचं आहे. या वेळी २४ महिन्यांचा करार करतोय, पहिल्या वर्षी २३,००० आणि दुसऱ्या वर्षी २४,०००, डिपॉझिट तेवढंच. मुद्रांक शुल्क १,४४३ च्या आसपास, नोंदणी फी एकदाच. दोन कलमं नवीन घातली आहेत: कोणी एक सोडून गेली तर नव्या कराराचा खर्च भाडेकरूंचा, आणि दर जूनमध्ये, पावसाच्या आधी, मी प्लंबरला घेऊन येणार, त्याची आठ दिवस आधी सूचना देणार. मसुदा तिघींनी वाचून परत पाठवला आहे. अंगठे येत्या शनिवारी. आईसाठी कोमट पाण्याचं भांडं तयार ठेवणार आहे.