पहिला पेपर कुठे पाठवायचा? चार वाटा शेजारी शेजारी

पीएचडीचं काम हातावेगळं झालं आहे, किंवा कॉलेजात शिकवता शिकवता केलेल्या प्रयोगांचे आकडे चांगले आले आहेत. आता पेपर कुठे पाठवायचा? बहुतेक जण आधी इम्पॅक्ट फॅक्टर बघतात, म्हणजे जर्नलमधल्या लेखांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा. मी दोन प्रश्न आधी विचारेन: पैसे कोण भरणार, आणि मजकूर नीट वाचून चुका कोण दाखवणार? तालुक्याच्या कॉलेजात आपल्या विषयाचं दुसरं माणूस नसतं. तिथे दुसरा प्रश्न जास्त वजनदार.

पहिली वाट पैसे भरून ओपन अ‍ॅक्सेसची. पेपर जगात कुणालाही फुकट वाचता येतो, छपाईचा खर्च लेखकाच्या माथी. नावाजलेल्या जर्नलची फी सहज दोन हजार डॉलरच्या वर जाते, म्हणजे दीड लाख रुपयांहून जास्त. ‘नेचर’ने तर २०२१ पासून ही सोय ९,५०० युरोला देऊ केली. पीएचडी करणाऱ्यांना मिळणारी जेआरएफची फेलोशिप महिना ३७,००० रुपये, त्यामुळे पुढचा हिशेब करायलाच नको.

‘विकसनशील देशांतील लेखकांना फी माफ’ हे वाक्य वाचून अनेक जण निर्धास्त होतात. यादी उघडली की भारत सापडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि प्रकाशक मिळून चालवतात त्या ‘रिसर्च फॉर लाइफ’च्या यादीत नेपाळ आहे, बांगलादेश आहे, आपण नाही. आपलं दरडोई उत्पन्न कमी असलं तरी देशाचं एकूण उत्पन्न मोठं, आणि अनेक प्रकाशकांच्या सवलती अशाच निकषांवर ठरतात. स्प्रिंगर नेचर कनिष्ठ-मध्यम उत्पन्नाच्या देशांना अर्धी फी सोडतं, पण जीडीपी २०० अब्ज डॉलरच्या आत असेल तरच. संस्थेकडे निधी नसेल तर वैयक्तिक सवलत मागता येते, मात्र पेपर पाठवतानाच. स्वीकृतीनंतर केलेला अर्ज सहसा कुणी बघत नाही.

दुसरी वाट वर्गणीच्या जर्नलची. लेखकाला सहसा खर्च नाही, वाचणाऱ्याला आहे. सरकारी संस्थांसाठी एकत्रित वर्गणी भरण्याच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, ती जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून या संस्थांमधल्या वाचकांपुरती ही अडचण बरीच कमी झाली. बाहेरच्यांसाठी स्वीकृत मसुदा विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात ठेवता येतो. किती महिन्यांनी, ते जर्नलच्या धोरणात बघा.

तिसरी वाट आपल्याकडच्या जुन्या जर्नलची, आणि पहिल्या पेपरसाठी माझा कल इकडेच आहे. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेली बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस भौतिकशास्त्रासाठी ‘प्रमाण’, अभियांत्रिकीसाठी ‘साधना’, शिवाय ‘जर्नल ऑफ बायोसायन्सेस’ चालवते. छपाईचे पैसे मागत नाही. वाट बघावी लागते, पेपर परतही येतो. पण सोबत समीक्षकांचे शेरे येतात. एकट्याने काम करणाऱ्याला असं वाचन दुसरीकडे विकत घेऊनही मिळेल याची खात्री नाही.

चौथी वाट प्रीप्रिंटची, म्हणजे जर्नलच्या समीक्षेआधीच मसुदा खुल्या संकेतस्थळावर ठेवण्याची. अशा संकेतस्थळांपैकी अर्काइव्ह १९९१ पासून आहे, जीवशास्त्रासाठीचं बायोअर्काइव्ह २०१३ पासून. खर्च शून्य, तारीख नोंदली जाते, पेपर काही दिवसांत लोकांसमोर येतो. समीक्षा मात्र झालेली नसते, आणि नोकरीच्या मुलाखतीत त्याला कितपत किंमत देतील ते समितीवर अवलंबून. म्हणून जर्नलऐवजी नव्हे, जर्नलसोबत. उपचारांविषयीचं संशोधन असेल तर थांबा. न तपासलेला दावा रुग्णांपर्यंत आधी पोचतो.

पाचवी वाट व्हॉट्सअ‍ॅपवर आपणहून येते: ‘४८ तासांत स्वीकृती, फक्त २,००० रुपये’. स्वस्त म्हणून मोह होतो. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी यूजीसीच्या मान्यताप्राप्त जर्नलच्या तेव्हाच्या यादीतली, विद्यापीठांनी शिफारस केलेली १,००९ जर्नल तपासली आणि निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापले. ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल विश्वासार्हतेच्या कसोटीवर उतरली नाहीत. तिच्या जागी पुढे आलेली, पारखून घेतलेल्या जर्नलची केअर यादीही यूजीसीने २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा आता पारख स्वतःच करायची. ओपन अ‍ॅक्सेस जर्नल असेल तर डीओएजे या ओपन अ‍ॅक्सेस जर्नलच्या ऑनलाइन सूचीत शोधा, मग संपादक मंडळातल्या एक-दोघांना ईमेल करून विचारा की त्यांना आपलं नाव तिथे आहे हे माहीत आहे का.

घाईचं एक कारण तर उरलेलंच नाही. प्रबंधाआधी पेपर हवाच, ही यूजीसीची अट नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत गेली. तुमच्या विद्यापीठाने ती स्वतःहून ठेवली असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून सर्वसाधारणपणे: तिसरी वाट आणि जोडीला प्रीप्रिंट. जर्नलला प्रीप्रिंट चालतो ना, हे आधी बघून घ्या. गाईडच्या प्रकल्पात छपाईसाठी निधी मंजूर असेल तर खुशाल पहिली. विषय मराठवाड्यातल्या सोयाबीनचा किंवा गावच्या पाण्याचा असेल, तर यांपैकी कुठेही छापलं तरी ज्यांच्यावर अभ्यास केला ते वाचणार नाहीत. त्यांच्यासाठी हजारभर शब्दांचा मराठी लेख वेगळा लिहावा लागेल. मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आहे, जिल्ह्याची दैनिकं आहेत. प्रमोशनच्या अर्जात त्याचा फारसा उपयोग होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.