बारा डायनासोरांचा खेळण्यातला संच : त्यातले खरे नऊच

पेटीवर ‘१२ डायनासोर’ असं ठळक छापलंय, आत निघतात नऊ. टेरॅनोडॉन उडणारा सरीसृप आहे, डायनासोरांचा फार तर भाऊबंद. प्लेसिओसॉरस समुद्रात पोहणारा. आणि पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन तर पहिला डायनासोर अवतरण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीच नामशेष झालेला. नात्याने तो सरीसृपांपेक्षा सस्तन प्राण्यांना, म्हणजे आपल्याला, जवळचा.

ब्रिटिश शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये ‘डायनासोर’ हे नाव दिलं ते एका ठरावीक गटाला, जुन्या काळातल्या सगळ्याच अवाढव्य प्राण्यांना नव्हे. ओळखायची सोपी खूण पायांत आहे. डायनासोरांचे पाय शरीराच्या थेट खाली, सरळ असतात. डायमेट्रोडॉनचे सरड्यासारखे बाजूला फाकलेले. गंमत म्हणजे साचा करणाऱ्याने हे अचूक घडवलंय, चुकलाय तो पेटी छापणारा!

उरलेल्या नऊंत ट्रायसेराटॉप्स सर्वांत सरस. स्टेगोसॉरसच्या पाठीवरच्या तकटांची रांग एकच आहे. हव्यात दोन, आणि तकटं एकाआड एक. शेपटीवरचे चार काटे मात्र बरोबर. टायरॅनोसॉरसच्या हाताला तीन बोटं दिली आहेत, असायला हवीत दोन. वेलोसिरॅप्टर बोडका आहे, त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या खुणा २००७ मध्येच सापडल्या असूनही.

प्रमाणाचा तर पत्ताच नाही. सगळ्या मूर्ती साधारण १५ सेंटिमीटरच्या. बारा मीटरचा टायरॅनोसॉरस १:८० ने लहान केला, तर जेमतेम दोन मीटरचा वेलोसिरॅप्टर अडीच सेंटिमीटरचा हवा. इथे दोघं खांद्याला खांदा लावून उभे.

दोन पायांवरचे प्राणी काही दिवसांनी पुढे कलंडतात, कारण उष्णतेने मऊ प्लास्टिकचे घोटे वाकतात. मोठ्या माणसाने पाय मिनिटभर कडक गरम पाण्यात धरावेत, सरळ करून लगेच गार पाण्यात बुडवावेत. शेपूट जमिनीला टेकवून तिसरा पाय करण्याची जुनी युक्ती इथे टाळली आहे, ते बरंच. जिवंतपणी ती आडवी, हवेत तोललेली असायची.

मूर्ती आतून पोकळ आहेत आणि पोटाखाली बारीक भोक आहे. आंघोळीच्या पाण्यात खेळायला दिल्या तर आत पाणी साचून काळी बुरशी धरते. पहिल्याच दिवशी भोकं गरम गोंदाने बुजवून टाका.